स्नेल राउंडहँड: वळणदार अक्षर कुठे वापरावे आणि कसे छापावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी-मराठी लग्नपत्रिका, एका संस्थेचे सन्मानपत्र आणि केक-चॉकलेटच्या छोट्या दुकानाचे नाव अशी तीन कामे हाती आहेत, तिन्हींसाठी स्नेल राउंडहँड हा हस्ताक्षराच्या वळणाचा फाँट निवडला आहे, पडद्यावर तो देखणा दिसतो, पण छापून आल्यावर बारीक रेघा तुटक येतात आणि काही अक्षरे एकमेकांपासून सुटलेली दिसतात. फाँट चुकला आहे की वापर, आणि मराठी मजकुरासाठी त्याच्या जोडीला काय घ्यावे?

फाँट चुकलेला नाही. औपचारिक वळणाच्या इंग्रजी अक्षरांत स्नेल राउंडहँड मला आजही सर्वांत संयमी आणि सर्वांत विश्वासार्ह वाटतो. मात्र हे अक्षर ज्या हत्याराने लिहिले गेले आणि ज्या छपाईसाठी घडले ती आपल्या नेहमीच्या छपाईपेक्षा फार वेगळी होती, आणि आपण सांगितलेले दोन्ही दोष त्या फरकातून येतात. म्हणून उपायांआधी हे अक्षर कसे घडले ते थोडे सविस्तर सांगतो.

चार्ल्स स्नेल (१६६७–१७३३) हा लंडनमधला लेखनगुरू होता. व्यापारी पेढ्यांत कामाला लागू पाहणाऱ्या मुलांना तो हस्ताक्षर आणि हिशेब दोन्ही शिकवत असे. साउथ सी या इंग्रजी व्यापारी कंपनीच्या शेअरांच्या भावाचा फुगा १७२० साली फुटल्यावर, तिच्या एका संचालकाच्या पेढीच्या वह्या तपासून त्यावर निरीक्षणे लिहिणारा तो हाच. त्या काळचे अनेक लेखनगुरू अक्षराभोवती पक्षी, मासे आणि गाठींची नक्षी एका दमात काढून दाखवण्यात भूषण मानत. स्नेलचा त्याला विरोध होता. अक्षराचे प्रमाण ठरलेले असावे, वळण साधे असावे आणि लिहिलेले झरझर वाचता यावे, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे आज आपण ज्याला समारंभाचे अक्षर समजतो ते मुळात खातेवहीचे आणि व्यापारी पत्राचे अक्षर आहे, आणि त्याच्या लहान लिपीत तो शिस्तशीर साधेपणा अजून शाबूत आहे. याच कारणाने झापफिनोसारखा विस्तीर्ण फराट्यांचा फाँट जिथे सगळी जागा व्यापून टाकतो, तिथे स्नेल राउंडहँड शांतपणे बसतो.

हे अक्षर पिसाच्या लेखणीने लिहिले जाई. लेखणीचे टोक बारीक तासलेले असे. खाली येणाऱ्या रेघेवर दाब दिला की टोक फाकून रेघ भरत जाई, वर जाताना दाब काढला की केसासारखी बारीक होई. मात्र त्या काळचे कित्ते आपल्यापर्यंत पोहोचले ते थेट लेखणीतून नव्हे. लेखनगुरूने लिहिलेला मजकूर कोरक्या तांब्याच्या पत्र्यावर कोरत असे, आणि त्याच्या हत्याराने बारीक रेघ लेखणीपेक्षाही बारीक आणि धारदार होई. अशा छपाईत शाई कोरलेल्या खाचेत बसते आणि दाबाखाली ओलसर कागद ती खाचेतून उचलतो. त्यामुळे रेघ कितीही बारीक असली तरी ती सलग आणि ठसठशीत उमटते. आपली ऑफसेट, डिजिटल किंवा स्क्रीन छपाई यांपैकी एकही पद्धत अशी चालत नाही. बारीक रेघेच्या बाबतीत तिन्ही तांब्याच्या पत्र्यापेक्षा दुबळ्या आहेत, आणि आपल्या अडचणीचा पहिला धागा इथे आहे.

दुसरा धागा जोडांचा आहे. राउंडहँडचे, म्हणजे स्नेलच्या काळच्या या जोडून लिहिण्याच्या इंग्रजी वळणाचे, अक्षर आधाररेषेशी (अक्षरे जिच्यावर बसतात त्या रेषेशी) सुमारे ५५ अंशांनी झुकलेले असते आणि प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्याला जाऊन मिळते. शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईसाठी ओतलेल्या सुट्या अक्षरांत, हे साधणे अतिशय कठीण होते, कारण खिळ्याचा देह चौकोनी आणि अक्षर तिरके. अक्षराचा देहाबाहेर झुकलेला भाग हाताळताना तुटे, आणि खिळे झिजले की जोडांत फटी दिसू लागत. काही ओतशाळांनी त्यासाठी तिरक्या देहाचे खिळे ओतले, पण ते जुळवणाऱ्याची परीक्षाच पाहत. ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्रावर तर अक्षर आपल्या साच्याबाहेर जाऊच शकत नव्हते. छायाक्षरजुळणी, म्हणजे फिल्मवर प्रकाशाने अक्षरे उमटवण्याची पद्धत, आली तेव्हा ही अडचण संपली, कारण फिल्मवर एका अक्षरावर दुसरे अक्षर सहज चढवता येते. मॅथ्यू कार्टर यांनी तरुणपणी हार्लेममधील एनशेडे या जुन्या मुद्रणसंस्थेत हाताने पोलादी ठसे कोरण्याचे शिक्षण घेतले होते. १९६५ साली ते न्यूयॉर्कमधील मर्गेंथालर लायनोटाइप कंपनीत दाखल झाले. शिशात जे जमत नाही ते छायाक्षरजुळणीत जमते हे दाखवणारी अक्षरे तेव्हा कंपनीला हवी होती, आणि त्या सुमारास, १९६६ साली, स्नेलच्या हस्ताक्षराच्या वळणावर हा अक्षरसंच आला.

कार्टर यांच्या कामाची खरी कमाल जोडांत आहे. हाताने लिहिणारा माणूस पुढचे अक्षर पाहून शेपटी थोडी वर किंवा खाली नेतो. यंत्राच्या अक्षरसंचात मात्र एका अक्षराचे सर्वसाधारणपणे एकच रूप असते, आणि ते उरलेल्या पंचवीस अक्षरांपैकी कोणालाही जोडता आले पाहिजे. त्यासाठी बाहेर पडणारी रेघ आणि आत येणारी रेघ एकाच उंचीवर, एकाच कोनात आणि एकाच जाडीने भेटावी लागते. अंतर केसभर वाढले की फट पडते, केसभर घटले की जोडावर गाठ येते. म्हणून अशा फाँटमध्ये अक्षरांमधले अंतर हा आकृतीचाच भाग समजायचा असतो. सजावटीसाठी मोकळी सोडलेली ती जागा नव्हे.

आपल्या पत्रिकेतील अक्षरे सुटलेली दिसतात त्याचे कारण जवळजवळ निश्चितपणे हेच आहे. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधले सरसकट वाढवलेले किंवा घटवलेले अंतर, शून्यावर हवे, एकाही अंशाने कमी-जास्त नको. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्निंगची, म्हणजे शेजारच्या दोन अक्षरांमधले अंतर ठरवण्याची, पद्धत ‘मेट्रिक्स’ (फाँटमध्येच दिलेले अंतर) ठेवावी. ‘ऑप्टिकल’ निवडली की प्रणाली अक्षरांच्या आकाराकडे पाहून अंतर स्वतः ठरवते आणि कार्टर यांनी बसवलेले जोड विस्कटतात. कोरल ड्रॉमध्ये शेप टूलने मजकुराची कडा ओढून ओळ रुंदीत बसवण्याची सवय आपल्याकडच्या बहुतेक प्रेसमध्ये आहे. ती या फाँटवर कधीही चालत नाही. ओळ दोन्ही कडांना समान करू नये, मधोमध किंवा एका बाजूने सोडावी. ओळ लांब होत असेल तर आकार कमी करावा किंवा मजकूर तोडावा, पण अक्षर आडवे ताणू नये. ताणले की उभ्या जाड रेघा फुगतात, वर जाणाऱ्या बारीक रेघा जवळपास तशाच राहतात, आणि दाबातून आलेला जाड-बारीकपणाचा सारा हिशेब खोटा ठरतो.

आता तुटक रेघांकडे येऊ. आपण पत्रिकेतील नावे सोनेरी तपकिरी रंगात, चार शायांच्या मिश्रणातून छापून घेतली असावीत असा माझा अंदाज आहे, कारण हा दोष बहुधा तिथेच दिसतो. मिश्र रंग ठिपक्यांनी बनतो. दीडशे लाइनच्या स्क्रीनवर, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या दीडशे ओळी असलेल्या जाळीवर, दोन ठिपक्यांच्या केंद्रांमधले अंतर सुमारे ०.१७ मिमी असते; पाव पॉइंटची रेघ जेमतेम ०.०९ मिमी जाडीची असते. म्हणजे रेघ ठिपक्यांच्या अंतराच्या निम्मी आहे, आणि ती सलग उमटणे शक्यच नाही. ती ठिपक्यांच्या माळेसारखी तुटत जाणार. त्यात चार शायांची रजिस्ट्रेशन, म्हणजे एकमेकींवर नेमकी बसणी, जराशी हलली तर जी काही रेघ उरली तिच्या कडेला रंगीत सावली दिसते. उपाय सोपा आहे: बारीक रेघांचे अक्षर एकाच शाईत, शंभर टक्के घनतेने छापावे. काळा चालेल, गडद निळा किंवा तपकिरी स्पॉट रंग चालेल, पण तो रंग शाई म्हणून स्वतंत्र घेतलेला असावा. डिजिटल छपाईतही मिश्र रंग लहान ठिपक्यांनीच तयार होतो, म्हणून तिथेही हाच नियम लागू आहे.

आकार ठरवताना पॉइंटच्या आकड्यापेक्षा सर्वांत बारीक रेघेकडे पाहावे. मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या कडांच्या रेखाकृतीत, रूपांतरित करून, प्रत्यक्ष छापायच्या मापात आणून, त्याच्या शेजारी पाव पॉइंटची एक रेघ काढून ठेवावी आणि दोन्ही मोठे करून पाहावे. अक्षराची बारीक रेघ तिच्यापेक्षा बारीक असेल तर ऑफसेटवरही धोका आहे. गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर काढायचे असेल तर ही मर्यादा दुप्पट धरावी, कारण चारही बाजूंनी पसरणारी शाई पांढऱ्या रेघेला गिळते. फॉइल (चकचकीत पत्री दाबून उमटवणे) आणि स्क्रीन छपाई यांतही अर्ध्या पॉइंटच्या आत मी जात नाही: फॉइलमध्ये बारीक रेघ एकतर चिकटत नाही किंवा शेजारच्या पोकळीत फॉइलचा तुकडा अडकून राहतो, आणि स्क्रीनच्या जाळीचे धागेच बारीक रेघेच्या वाटेत येतात. हातकागदाची किंवा खरबरीत पोताची पत्रिका असेल तर आणखी सावध राहावे. अशा वेळी अक्षराला बाहेरून आउटलाइन देऊन जाड करण्याचा मोह होतो, तो टाळावा. स्नेल राउंडहँडचे बोल्ड आणि ब्लॅक असे दोन जाड प्रकार आहेत, आणि बोल्डमध्ये जाडी वाढवताना वळणाचा तोल सांभाळला आहे. आउटलाइन सगळीकडे सारखीच चढते आणि अक्षराच्या लहान पोकळ्या बुजवते. मी फॉइलसाठी सरळ बोल्ड घेतो. ब्लॅक मात्र जाहिरातीच्या मोठ्या शब्दासाठी ठीक आहे, पत्रिकेत त्याचा मूळ स्वभाव हरवतो. फाइल नेहमी व्हेक्टर पीडीएफ म्हणून, म्हणजे अक्षरांच्या रेखाकृती कायम ठेवून, द्यावी. चित्र म्हणून दिलेले राउंडहँड बहुधा नीट छापले जात नाही.

मजकुराच्या निवडीबद्दल माझा आग्रह याहून मोठा आहे. या अक्षराला दोन-चार शब्दांचेच काम द्यावे. लग्नपत्रिकेत वधू-वरांची नावे आणि फार तर वरची एक आमंत्रणाची ओळ त्यात असावी. तारीख, वेळ, कार्यालयाचा पत्ता, फोन क्रमांक, पदव्या हे सगळे साध्या सेरिफ अक्षरात, म्हणजे रेघांच्या टोकांना लहान पाय असलेल्या छापील अक्षरात, घ्यावे, कारण पाहुणा ते शोधत असतो आणि त्याला ते एका नजरेत सापडले पाहिजे. इंग्रजी मोठ्या लिपीतील संपूर्ण शब्द या फाँटमध्ये कधीही घालू नये. मोठी अक्षरे शब्दाच्या आरंभी एकट्याने उभी राहण्यासाठी काढलेली असतात, ती एकमेकांना जोडत नाहीत आणि त्यांचे फराटे एकमेकांत अडकतात, ‘एम.डी.’ किंवा ‘एम.बी.ए.’ अशा पदव्या त्यात लिहिल्या की त्या वाचताच येत नाहीत. आपल्याकडे नावाच्या आधी आद्याक्षरे लावण्याची पद्धत आहे, तिथेही हीच अडचण येते. शक्य तिथे पूर्ण नाव घ्यावे. नाव निवडल्यावर त्याची मोठी अक्षरे काळजीपूर्वक पाहावीत: एस, एल, टी, आय, जे या अक्षरांची राउंडहँडमधली रूपे एकमेकांजवळ जातात, आणि शाळेत चाररेघी वहीत जोडून लिहिण्याचा इंग्रजी कित्ता गिरवलेल्या पिढीला ती जितकी ओळखीची आहेत तितकी आजच्या मुलांना नाहीत. शंका असेल तर पत्रिका घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आणि शाळकरी मुलाला, दोघांनाही वाचायला द्यावी.

जोडीच्या इंग्रजी अक्षरासाठी मी बास्करव्हिल सुचवीन. जॉन बास्करव्हिल हे अठराव्या शतकात बर्मिंगहॅममध्ये मुद्रक होण्याआधी लेखनगुरू होते आणि दगडावर अक्षरे कोरण्याचे कामही करत. १७५७ साली त्यांच्या अक्षरांत छापलेले पहिले पुस्तक आले. राउंडहँडचे जाड-बारीक वळण त्यांच्या हातातच होते, आणि ते त्यांच्या छापील अक्षरात, विशेषतः तिरक्या प्रकारात, स्पष्ट दिसते. त्यामुळे ही दोन अक्षरे एका कागदावर नात्यातली वाटतात. लिब्र बास्करव्हिल हा मुक्त परवान्याचा फाँट या कामाला पुरतो. बोडोनी किंवा डिडो वळणाची अक्षरे बरेच जण वापरतात, पण त्यांच्याही रेघा केसासारख्या असतात आणि मग छपाईचे संकट दुप्पट होते.

मराठीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. देवनागरीचे परंपरागत वळण बोरूचे आहे. बोरूचे टोक चपटे आणि तिरके छाटलेले असते. तिथे रेघ जाड की बारीक हे हाताच्या दाबावर ठरत नाही, टोकाच्या कोनावर ठरते. राउंडहँडमध्ये अक्षरे खाली, आधाररेषेजवळ एकमेकांना मिळतात; देवनागरीत शिरोरेषा त्यांना वरून बांधते. राउंडहँड तिरके आहे, देवनागरीचा दंड उभा आहे. या तीन फरकांमुळे देवनागरीला राउंडहँडचे कपडे चढवता येत नाहीत. सॉफ्टवेअरमधून देवनागरी अक्षर तिरके करून इंग्रजीशी जुळवण्याचा प्रकार मी अनेक पत्रिकांत पाहतो, आणि तो प्रत्येक वेळी अक्षराला दुखापत करतो: काना झुकतो, गोलाई एका बाजूला दबते, वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर कलंडतात, आणि शब्द घसरत चालल्यासारखा दिसतो.

मराठीची स्वतःची झरझर लिहिण्याची लिपी मोडी आहे. तिच्यात लेखक आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली लिहीत जात. तिचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली झाला, आणि तिच्यातला ओघ राउंडहँडइतकाच देखणा आहे. पण आजच्या बहुतेक पाहुण्यांना ती वाचता येत नाही, म्हणून पत्रिकेत ती एखाद्या शब्दाच्या अलंकारापुरतीच ठेवावी. मजकुरासाठी मी उभे, समतोल आणि जाड-बारीक भेद असलेले देवनागरी अक्षर घेईन. तिरो देवनागरी मराठी हा मुक्त परवान्याचा फाँट मला यासाठी योग्य वाटतो, कारण त्यात मराठी वळणाचा ल आणि श मिळतो आणि त्याच्या मजकुराचा एकूण गडदपणा बास्करव्हिलच्या शेजारी शोभतो. कलम किंवा तिल्लाना यांसारखे हाताच्या वळणाचे देवनागरी फाँट आपापल्या जागी चांगले आहेत, पण त्यांचा सूर गप्पांचा आहे. स्नेलच्या औपचारिक सुराशेजारी ते विसंगत ठरतात.

वधू-वरांची मराठी नावे मात्र शक्य असेल तर सुलेखनकाराकडून लिहून घ्यावीत, असे मी मनापासून सांगेन. काम दोन नावांचे आहे, खर्च आवाक्यातला असतो, आणि महाराष्ट्रात ही कला जिवंत आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना हाताने जे रूप दिले आणि अच्युत पालव यांनी देवनागरी व मोडीच्या वळणांवर जे काम केले, त्यामुळे मराठी प्रेक्षकाची नजर हातच्या अक्षराला सरावलेली आहे. इंग्रजी नाव स्नेलमध्ये आणि मराठी नाव खऱ्या बोरूच्या हातचे असेल, तर दोन्ही लिपी आपापल्या हत्याराशी प्रामाणिक राहतात, आणि मग त्यांना ओढूनताणून सारखे दिसावे लागत नाही. इतकेच पाहावे की दोन्ही नावांतील सर्वांत जाड रेघ साधारण एकाच जाडीची असेल.

सन्मानपत्राचे काम तुलनेने सरळ आहे. वरचे शीर्षक आणि सन्मानित व्यक्तीचे नाव एवढेच स्नेलमध्ये घ्यावे, बाकी परिच्छेद सेरिफमध्ये. नावे यादीतून आपोआप भरली जाणार असतील तर सर्वांत लांब नाव आधी बसवून आकार ठरवावा. ते केले नाही तर लांब नावे प्रणाली आपोआप दाबून बसवते आणि जोड मोडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याची प्रत वेगळी करावी, त्यात बोल्ड प्रकार आणि मोठा आकार घ्यावा, कारण तिथे चित्र दाबले जाताना पहिला घाव बारीक रेघेवरच बसतो.

दुकानाच्या नावासाठी मी तयार फाँट जसाच्या तसा वापरणार नाही. स्नेल राउंडहँड अॅपलच्या संगणकांत आणि फोनमध्ये सोबतच येतो, त्यामुळे तो हजारो ठिकाणी दिसतो, आणि नव्या दुकानाची ओळख त्यातून ठसत नाही. तो पायाभूत आराखडा म्हणून घ्यावा: शब्द मोठ्या आकारात छापावा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून टाकाने किंवा पेन्सिलने पुन्हा लिहावा, पहिल्या अक्षराचा आरंभ आणि शेवटच्या अक्षराची शेपटी त्या शब्दाच्या लांबीला साजेशी करावी, बारीक रेघा थोड्या भरून घ्याव्यात, आणि मग संगणकावर नव्याने रेखाटावा. हेच चिन्ह खोक्यावर, रिबनवर, केकच्या पुठ्ठ्यावरील शिक्क्यात आणि पाटीवर जाणार आहे. म्हणून ते वीस मिलिमीटर रुंदीला छापून पाहावे. तिथे वाचता आले नाही, तर लहान वापरासाठी जाड रेघांची दुसरी प्रत काढून ठेवावी.

पाटी ॲक्रिलिकमध्ये कापून घेणार असाल तर एक गोष्ट विसरू नये. फाँटमधली अक्षरे जोडावर एकमेकांवर चढलेली असतात, आणि कर्व्हमध्ये रूपांतर केल्यावरही प्रत्येकाची कडा वेगळीच राहते. अशी फाइल लेझरकडे गेली की यंत्र प्रत्येक जोडावर आतून काप देते आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. कोरल ड्रॉमध्ये ‘वेल्ड’ किंवा इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचे ‘युनाइट’ वापरून शब्दाची एकच सलग कडा करावी. छपाईतही अक्षराला पारदर्शकता किंवा आउटलाइन देणार असाल तर हे आधी करावे लागते, नाहीतर प्रत्येक जोडावर गडद ठिपका उमटतो.

संगणकासोबत आलेला फाँट दुकानाच्या वेबसाइटवर चढवायचा असेल, तर त्याचा परवाना आधी वाचावा. वेबवरील वापरासाठी बहुतेक फाँटांना वेगळा परवाना घ्यावा लागतो. तो खर्च टाळायचा असेल तर निकोल फाली यांनी काढलेला पिन्यॉन स्क्रिप्ट पाहावा. तोही इंग्लिश राउंडहँडच्याच वळणाचा आहे आणि मुक्त परवान्याखाली छापील कामासाठी तसेच वेबसाइटसाठी वापरता येतो. त्याची मोठी अक्षरे स्नेलपेक्षा अधिक लपेटीदार आहेत, त्यामुळे ओळींमध्ये थोडी जास्त जागा सोडावी लागेल.